टिपणीसांच्या घरातली शांतता

इंग्रजीत शांततेला किती शब्द आहेत, हे योगिनीबाई टिपणीसांना चुकूनही विचारू नये. विचारलं की चहा निवेपर्यंत ऐकत बसावं लागे. डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत त्यांनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर ठाण्यात नौपाड्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत स्पोकन इंग्लिशचा वर्ग सुरू केला. बँकेच्या परीक्षा देणारी पोरं, परदेशातल्या मुलाकडे जाण्याआधी चार वाक्यं पदरात पाडून घ्यायला आलेल्या आज्या, नोकरी बदलू पाहणाऱ्या बायका, सगळ्यांना एक धडा ठरलेला.

"वर्ग सायलेंट असतो, माणूस क्वाएट असतो, समुद्र 'काम' असतो, तळं स्टिल असतं. झोपलेलं बाळ पीसफुल. एकाचा शब्द दुसऱ्याला लावायचा नाही. लावला तर अर्थ कळतो, पण कानाला बोचतो." मग त्या 'काम'चं स्पेलिंग, सी-ए-एल-एम, फळ्यावर लिहीत आणि म्हणत, "यातला एल उच्चारायचा नाही. तो बघा कसा गप्प बसलाय. तुम्ही कधी बसणार?" मुलं हसत. बाई हसत नसत. विनोद आपणच करायचा आणि आपणच गंभीर राहायचं, ही त्यांची जुनी खोड.

एकदा एका मुलीने विचारलं, "टीचर, अबोला म्हणायचं असेल तर?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स," त्या म्हणाल्या. "पण हे चार शब्द झाले. एका शब्दात नाही. एका छपराखाली राहायचं, एका पातेल्यातला चहा प्यायचा आणि तरी वर्षानुवर्षं बोलायचं नाही, ही सोय त्यांच्याकडे नसावी. आपल्याकडे आहे."

मुलं पुन्हा हसली. आतल्या खोलीत मोरेश्वरराव पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटल्याचा आवाज तेवढा बाहेर आला.

मोरेश्वरराव म्हणजे बाईंचे यजमान. कोलशेतच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते. मासळीचे भोक्ते, माणूस तसा गप्पिष्ट, कारखान्याच्या गेटवर टोपली घेऊन बसणाऱ्या कोळणींशी सुद्धा अर्धा तास गप्पा मारून मग भाव करणारा. वर्गातल्या पोरांना ठाऊक नव्हतं, पण बाईंनी फळ्यासमोर जे सांगितलं ते घरचंच होतं. संचिता, त्यांची मुलगी, बारावीला होती तेव्हापासून मोरेश्वरराव बायकोशी बोलत नव्हते. आता संचिताला स्वतःची शाळेत जाणारी मुलगी होती.

त्याला कारण घडलं होतं, आणि ते क्षुल्लक नव्हतं. मोरेश्वररावांची आई, विमलाबाई, न्यूमोनियाने दवाखान्यात होती. तिथले डॉक्टर भडाभडा इंग्रजीत बोलत. टिपणीसांच्या घरात इंग्रजीची आघाडी बाईंकडे, त्यामुळे डॉक्टर त्यांच्याच तोंडाकडे बघून बोलले. श्वासाचं यंत्र लावता येईल, कदाचित काही दिवस निघतील, पण हाल होतील. नाहीतर यंत्र नको, त्रास होऊ न देता त्यांना शांतपणे जाऊ द्यायचं. मोरेश्वरराव शेजारीच उभे होते, हातात आईसाठी आणलेली पाण्याची बाटली, आणि आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होते.

बाई म्हणाल्या, "पीसफुली, डॉक्टर. प्लीज."

"काय म्हणाले गं?" मोरेश्वररावांनी विचारलं.

"शांत राहा म्हणाले," बाईंनी सांगितलं.

संध्याकाळी विमलाबाई गेल्या. बाईंच्या मनात पाप नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकतो. सासूची आजारपणं त्यांनीच काढली होती, कूस त्यांनीच बदलली होती, त्या बाईचे हाल त्यांना बघवत नव्हते. आणि खोटं कशाला बोला, त्या दमल्याही होत्या. शिवाय रक्त तपासायला सुई टोचली तरी घेरी येणाऱ्या माणसावर आईच्या मरणाचा निर्णय कशाला टाकायचा, असंही त्यांना वाटलं. सगळं खरं. पण दाखला घ्यायला मोरेश्वरराव गेले, तेव्हा त्याच डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि या खेपेला स्वच्छ मराठीत सांगितलं, "यंत्र नको म्हणाल्या, तुमच्या मिसेसनी योग्य निर्णय घेतला."

तेराव्याचं जेवण उरकून पाहुणे पांगले. मोरेश्वरराव पाटावरून उठले आणि म्हणाले, "आई माझी होती. मला विचारायचं तरी."

बाई ताटं गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला झेपलं नसतं."

इथे त्या चुकल्या. यंत्राच्या बाबतीत चुकल्या की नाही, ते देव जाणे. पण नवऱ्याला आईसाठी रडायचा हक्क द्यायचा आणि ठरवायचा नाही, वर त्याला तो किती कच्चा आहे हे खरकट्या ताटांच्या साक्षीने ऐकवायचं, याला माफी मागण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता. ती त्यांनी मागितली नाही. मोरेश्वरराव हात धुऊन आत गेले आणि तिथून अबोला सुरू झाला.

अबोल्याची रीत आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. तिसरं माणूस मध्ये घ्यायचं. "संचिता, आईला सांग गॅस संपलाय." आई दोन हातांवर उभी. "बाबांना सांग, नोंदवलाय." संचिता एकदा वैतागून ओरडली, "मी काय पोस्टमन आहे का?" आणि दोघंही तिच्यावर रागावले, एकाच वेळी, एकाच सुरात. त्या घरातलं ते शेवटचं एकमत. पुढे संचिता लग्न होऊन बेंगळुरूला गेली. मग निरोप भांडी घासायला येणाऱ्या बाईमार्फत जाऊ लागले, आणि तीही नसली की भिंतीमार्फत. "छत्री दुरुस्तीला टाकायची राहिली," मोरेश्वरराव भिंतीला सांगत, आणि दुसऱ्या दिवशी छत्री दुरुस्त होऊन खुंटीला लागलेली असे. संसाराचं काही अडलं नाही. अबोला पहिल्यांदा शिक्षा असतो, मग सवय होते, आणि नंतर नंतर तो घरातलं एक माणूसच होऊन बसतो. त्याचं ताट मांडावं लागत नाही, इतकंच.

समोरच्या ब्लॉकमधली सोनल जिन्यात भेटली की म्हणे, "काकू, तुमच्या घरातनं कध्धी आवाज नाही हो. आमच्याकडे बघा, रोज महाभारत." बाई हसून वेळ मारून नेत. 'चुकलं माझं' एवढं वाक्य त्यांच्या ओठावर अनेकदा आलं. दुसऱ्यांची वाक्यं सुधारण्यात जन्म गेलेल्या बाईला हे दोन शब्दांचं वाक्य काही बाहेर काढता येईना. यांनी आधी नुसतं बघावं माझ्याकडे, मग बोलेन, असं त्या म्हणत राहिल्या. ते बघत नसत.

आणि मग एका सकाळी दाढी करताना मोरेश्वररावांच्या हातातून रेझर पडला. बाई चहा घेऊन चालल्या होत्या. आरशात त्यांना नवऱ्याचं तोंड एका बाजूला ओघळलेलं दिसलं.

"अहो!" त्या किंचाळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मोरेश्वररावांनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला गेले, तो नुसता घोगरा आवाज निघाला, आणि ते बेसिनला धरून खाली बसले.

दवाखान्यात डॉक्टरांनी काय काय करता येईल ते सांगायला सुरुवात केली, तर बाईंनी त्यांना मध्येच तोडलं. "सगळं करा," त्या मराठीतच म्हणाल्या. "जे असेल ते सगळं." जीव वाचला. उजवा हात गेला, पाय थोडा फरपटू लागला आणि वाचा गेली. "त्यांना सगळं समजतं," डॉक्टर म्हणाले, "पण शब्द बाहेर येत नाहीत. प्रयत्न करत राहा. बोलत राहा त्यांच्याशी."

आता जे सांगतो ते ऐकायला बरं वाटणार नाही. बाईंना हलकं वाटलं. नवरा अर्धा लुळा होऊन घरी आला आणि बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. कारण आता तो बोलत नव्हता याला दुखणं कारण होतं, त्या नव्हत्या. या गप्प बसण्यात राग नव्हता. आणि डॉक्टरांनीच सांगितलं होतं, बोलत राहा.

बाईंनी वर्ग बंद केला आणि बोलत सुटल्या. सकाळी तोंड धुवून देताना, घास भरवताना, कपडे बदलताना. संचिताच्या मुलीचे उद्योग, भाजीवाल्याची मिजास, इतक्या वर्षांत न सांगितलेलं सगळं. एका दुपारी मऊ भात भरवता भरवता त्या म्हणाल्या, "अहो, मी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्हाला झेपलं नसतं असं म्हटलं मी. खरं म्हणजे मलाच झेपत नव्हतं हो. चुकलं माझं." मोरेश्वरराव ऐकत होते. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. त्या बाजूची पापणी नीट मिटत नाही, डोळ्याला पाणी येत राहील, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. बाईंनी पदराने ते पुसलं आणि ते उत्तर आहे असं धरून चालल्या.

पण माणसाचं समाधान कुठे होतं? त्यांना आता एकच गोष्ट हवी होती. या माणसाच्या तोंडून आपल्यासाठी एक शब्द. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

म्हणून दक्षता आली. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणारी, संचिताहून थोडी लहान, कोलशेतच्या कोळीवाड्यातली. आठवड्यातून तीनदा दुपारच्या जेवणाआधी स्कूटरवरून यायची. आवाज असा, की पहिल्या दिवशी सोनल दार उघडून बघायला आली.

"काकू, तुमी एवढ्या हळू काय बोलता?" दक्षता म्हणाली. "आमच्या घरात हळू बोललं ना, तर शेजारी विचारतात, कोन गेलं?"

तिने बाईंना सांगून टाकलं की शिकवणीच्या वेळी त्यांनी घरात थांबायचं नाही. घरचं माणूस समोर असलं की पेशंट अवघडतो. बाई गुमान पिशवी घेऊन वाचनालयात जाऊ लागल्या. शिक्षकाच्या वर्गात पालकांनी डोकावू नये, हे त्यांनीच किती आईबापांना ऐकवलं होतं. जाताना एकदा कानावर पडलं, की कारखान्याच्या गेटवर बसणारी मनुबाई कोळीण ही दक्षताची आजी. मोरेश्वरराव तिचं जुनं गिऱ्हाईक. मग काय, दक्षताने चहा आणि पाण्याची चित्रं बाजूला ठेवली आणि मोबाइलवर मासळीचे फोटो लावले, अगदी खाडीच्या चिखलातल्या निवटीपर्यंत.

इकडे बाईही मागे नव्हत्या. त्यांनी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, सुवाच्य अक्षरात 'भात' लिहिलं, 'चहा' लिहिलं, 'संचिता' लिहिलं आणि जरा लाजतच एकीवर 'योगिनी' लिहिलं. रोज संध्याकाळी त्या पट्ट्या समोर धरत. मोरेश्वरराव खिडकीतून बाहेर बघत. मेंदूला वेळ लागतो, बाई स्वतःला सांगत. गौरी-गणपती आले, गेले. नवरात्र जवळ आलं.

त्या दिवशी वाचनालय बंद होतं. बाई अर्ध्या वाटेवरून परतल्या. जिना चढून दारात येतात तो आतून आवाज आला. जड, शब्दाशब्दाला अडखळणारा, पण ओळखीचा.

"निवटी... चिखलात... बसते."

"आनि काय करते?" हा दक्षताचा.

"डोळे... वर. बघत... बसते."

"आनि धराला गेलं की?"

"पळते... साली!"

दोघंही हसली. मोरेश्वरराव हसले. बाईंनी कठडा धरला. ज्याला शब्द सापडत नाही तो 'साली' म्हणत नाही, एवढं भाषेचं ज्ञान त्यांना होतं. पुढे आतून खाडीच्या, भरतीच्या, मनुबाईच्या गप्पा चालल्या. तुटक तुटक, पण गप्पाच. बाई बाहेर उभ्या राहून ऐकत राहिल्या, चप्पल पायात, पिशवी खांद्याला. कालच्या संध्याकाळी याच माणसापुढे त्यांनी 'भात' असं लिहिलेली पट्टी धरली होती. शब्द होता. तो त्यांना द्यायचा नव्हता, बस्स.

दार उघडलं आणि दक्षता बाहेर आली. "अरे काकू, इथेच उभ्या? बरं झालं भेटलात. काका एकदम भारी चाललेत! गणपतीच्या आधीपासनं वाक्यं जुळवतात. घरी बोलतात ना तुमच्याशी?"

तिच्या चेहऱ्यावर इतका उत्साह होता. समोर सोनलचं दार किलकिलं होतं. बाईंच्या तोंडून उत्तर गेलं, विचार न करता, शाळेत हजेरी द्यावी तसं.

"बोलतात की. खूप बोलतात. कधीकधी पुरे म्हणावं लागतं."

"मग झालं तर!" दक्षताने टाळीच वाजवली. "मला हेच पाहिजे होतं. पेशंट घरच्यांशी बोलाला लागला ना, की आपलं काम संपलं. कळव्याची एक छोटी पोरगी आहे, तिला वेळच देता येत नव्हती मला. सोमवारपासनं तिला ही वेळ देऊ? चालेल ना?"

"चालेल," बाई म्हणाल्या.

"काकांना मी सांगू की तुमी?"

"मी सांगते."

दक्षता दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेली. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे बाईंना कळलं आपण काय केलं ते. त्या माणसाचं बोलणं ऐकणारं एकच माणूस उरलं होतं, ते त्यांनी दोन शब्दांत उठवून लावलं, आणि तो आत बसलेला, विचारलंसुद्धा नाही. गॅलरीत धावत जाऊन हाक मारता आली असती. पण हाक मारून सांगायचं काय? माझा नवरा माझ्याशी बोलत नाही, हे भर गल्लीत? बाई तशाच आत गेल्या.

मोरेश्वरराव खिडकीशी खुर्चीत होते. चेहऱ्यावर अजून हसू होतं. बाईंना बघताच ते त्यांनी मिटून टाकलं.

बाई त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. मोबाइल काढून मांडीवर ठेवला. "मी बाहेर उभी होते," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकलं. दक्षताने विचारलं, तर मी तिला सांगितलं, तुम्ही माझ्याशी खूप बोलता. म्हणून सोमवारपासून ती यायची नाही."

मोरेश्वररावांनी झटकन मान वळवली. तेराव्याच्या दिवसानंतर पहिल्यांदा ते बायकोच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होते. त्यांचे ओठ हलले.

"माझी चूक आहे," बाई म्हणाल्या. आता त्यांना रडू आवरेना. "मी आत्ता फोन करते, खरं काय ते सांगते, तिला परत बोलावते. पण या खेपेला मनाने काही करणार नाही. तुम्हाला विचारतेय. बोलावू का तिला? नुसतं हो म्हणा. अहो, नुसतं हो म्हणा."

शेजारी कुणाचा तरी कुकर झाला. मोरेश्वरराव बघत होते. तोंडात शब्द तयार होता, बाईंना तो दिसत होता, ओठांच्या आत. त्या पुढे झुकल्या. मोरेश्वररावांनी ओठ मिटले, डाव्या हाताने खुर्चीचा हात धरला आणि सगळा जोर लावून खिडकीकडे तोंड फिरवलं.

बाई मोबाइल धरून बसून राहिल्या. फोन करावा, तर त्यांनी हो म्हटलेलं नाही. न करावा, तर त्यांनी नाहीही म्हटलेलं नाही. जेवणाची वेळ झाली तशी त्या उठल्या आणि आमटी गरम करायला ठेवली. फोन तसाच राहिला.

सोमवारी सकाळी मोरेश्वररावांनी कपाटातल्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी तो घालून दिला, गुंड्या लावल्या, केस विंचरले. दक्षताच्या वेळेला मोरेश्वररावांनी खुर्ची दाराकडे वळवून घेतली आणि जेवणाची ताटं मांडली जाईपर्यंत तिथेच बसून राहिले.